गावाचा वारसा ऑनलाइन मांडायचा, तर सुरुवात कुठून करायची?

कोकणातल्या एखाद्या गावाचा निसर्ग आणि इतिहास इंटरनेटवर नीट मांडायचा असेल, तर महागडा कॅमेरा लागत नाही. बरा फोन, एक वही, गावात थोडी ओळख आणि निदान एका वर्षाची सवड लागते. वर्षाची अट मी मुद्दाम घालतो. एप्रिलमधला तापलेला सडा (कातळाचं उघडं पठार) आणि ऑगस्टमधला तोच सडा ओळखू येत नाही इतका बदलतो. नारळी पौर्णिमेआधीचा किनारा आणि नंतरचा किनारा यांतही तसाच फरक असतो. चार दिवसांच्या सुट्टीत काढलेले फोटो सुंदर येतील, पण ते त्या चार दिवसांपुरतंच बोलतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फोटोंचा अल्बम म्हणजे प्रदर्शन नव्हे. प्रदर्शनात वीस-पंचवीस गोष्टी विचारपूर्वक निवडून एका क्रमाने लावलेल्या असतात, प्रत्येकीखाली दोन-चार ओळींचा मजकूर असतो, आणि शेवटपर्यंत गेलेल्या माणसाला काहीतरी नवं समजलेलं असतं. शाळेतले शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते, मुंबई-पुण्यात राहून गावाशी नातं टिकवणारी मंडळी, यांपैकी कुणालाही हे जमण्यासारखं आहे.

विषय लहान घ्या

"कोकणचा वारसा" हा विषय एका माणसाला पेलणारा नाही. "आमच्या वाडीवरचा सडा", "आमच्या खाडीचं मुख", "आमची देवराई" हे विषय पेलतात. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले 2025 साली मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. त्यांचे हजारो फोटो इंटरनेटवर आहेत. तुमच्या गावच्या पाणवठ्याचा, घाटीच्या पाखाडीचा (दगडी पायवाटेचा), बंदरावरच्या पडक्या वखारीचा एकही नसेल. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे तुम्ही जे नोंदवाल ते दुसरं कुणी नोंदवणार नाही.

दुसरं मत त्याहून ठाम आहे. "निसर्ग" आणि "संस्कृती" अशी दोन वेगळी दालनं करू नका. कोकणात ती वेगळी नाहीतच. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, आणि 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली तीही इथेच. पूर्वी जिथे अंडी उकरून नेली जात, तिथे गावच पहारा द्यायला लागलं आणि पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला लोक लांबून येऊ लागले. यातलं कासव निसर्गाच्या दालनात आणि गाव इतिहासाच्या दालनात टाकलं, तर सांगण्यासारखी गोष्टच हातातून जाते.

उदाहरणादाखल एक सडा

रत्नागिरी, राजापूर, लांजा किंवा मालवण तालुक्यातला कुठलाही जांभ्याचा सडा डोळ्यांसमोर आणा. लोखंडाने तांबूस झालेला, ऊन-पावसाने सच्छिद्र केलेला हा दगड. वरवर ओसाड. पण प्रदर्शनासाठी इतका समृद्ध विषय कोकणात दुसरा नाही.

जूनचा पाऊस पडला की खाचखळग्यांत पाणी साठतं. पावसाच्या सुरुवातीला कोकण दीपकाडीची पांढरी फुलं येतात. कोकणपट्टीबाहेर ही वनस्पती जवळजवळ कुठेच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, कवळा यांचे पट्टे पसरतात. सीतेची आसवं दिसायला नाजूक निळीजांभळी, पण जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. कातळावरच्या ओंजळभर मातीत नत्र मिळत नाही, म्हणून तिला हा मार्ग. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या वाडीतल्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळतं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, कापलं जातं, गुरांसाठी रचून ठेवलं जातं. कडेला चिरेखाण असते. तिथल्या चिऱ्यांनी गावातली घरं, गडगे (दगडी कुंपणं) आणि देवळं बांधली गेली. पलीकडे कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले, त्यांत माती भरून लावलेली हापूसची कलमं.

आणि याच कातळावर कोरलेली चित्रं. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही महाराष्ट्रातली आठ ठिकाणं गोव्यातल्या पानसायमळबरोबर 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या (संभाव्य स्थळांच्या) यादीत आली. कशेळीला प्रचंड आकाराचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. काही ठिकाणी आज कोकणात नसलेला गेंडाही दिसतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत राहिले, म्हणून यांतली कितीतरी चित्रं जगाला माहीत झाली. हे लक्षात ठेवा. शोध लागला तो विचारण्यातून.

तर एका सड्यावर दगड, पाणी, फुलं, गुरं, घरं, आंबा आणि कातळशिल्प. ही सगळी साखळी एका प्रदर्शनात बसते, आणि तिचा क्रमही आपोआप मिळतो: पावसापासून पावसापर्यंत.

फोटो काढण्याआधी गावात विचारा

सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो, बहुतेक वेळा अनेक वाटेकऱ्यांच्या. देवराई देवस्थानची असते. आधी गावकार किंवा मानकरी, गुरव, सरपंच यांना भेटा. काय करणार, कुठे दिसणार, कोण पाहू शकणार, हे फोनवर एखादं तयार प्रदर्शन दाखवून सांगा. नुसतं तोंडी सांगितलं तर "पेपरात येणार" एवढाच अर्थ घेतला जातो. देवाला कौल लावताना, तरंग (देवांचे सजवलेले खांब) निघताना, अंगात वारं येतं त्या वेळी कॅमेरा चालेल का, हे वेगळं विचारा. पालखी अंगणात नाचवतानाचं चित्रण बहुतेक ठिकाणी आनंदाने करू देतात, गाभाऱ्यातलं नाही. "नाही" म्हणाले तर तिथे थांबा.

घरातले जुने फोटो, दस्तऐवज, देव्हाऱ्यातली वस्तू यांचं चित्र घेतलं, तर कुणाच्या परवानगीने आणि नाव छापायचं की नाही, हे त्याच दिवशी वहीत लिहून सही घ्या. वर्षभराने त्या घरातला मुलगा मुंबईहून फोन करून विचारतो, तेव्हा ही सही उपयोगी पडते. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर साध्या फोटोला अडचण नसते, पण ड्रोन, तिपाई आणि व्यावसायिक चित्रीकरण यांना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. किनाऱ्याजवळ ड्रोनचे नियम आणखी कडक आहेत. माझा सल्ला: पहिल्या प्रदर्शनात ड्रोन नकोच.

प्रकाश, भरती आणि मोजपट्टी

कातळशिल्प दुपारी बाराला जवळजवळ अदृश्य होतं. सूर्य डोक्यावर असला की उथळ रेघांत सावली पडत नाही. सकाळचा पहिला तास किंवा सूर्यास्ताआधीचा तास गाठा, ऊन तिरकं असताना रेघा उठून येतात. रेघ दिसावी म्हणून खडू, चुना, रंग काहीही भरू नका, पाणीही ओतू नका. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका. चपला काढून कडेने फिरा. एक फोटो लांबून, एक वरून, एक अगदी जवळून, आणि प्रत्येकात मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवलेला एक जादा फोटो. मोजपट्टी नसलेलं चित्र पाहणाऱ्याला हत्ती दोन फुटांचा की वीस फुटांचा हे कळत नाही.

खडकाळ किनाऱ्यावरचे जीव टिपायचे असतील तर पंचांग हाती घ्या. आपल्या किनाऱ्यावर चालणारा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. उधाणाच्या या दिवसांत पाणी सर्वांत मागे जातं, एरवी झाकलेले खडक उघडे पडतात आणि ऊनही तिरकं असतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा, गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा पुढेमागे होतो, म्हणून तिथल्या मच्छीमाराला विचारून घ्या आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरा. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला एक अख्खी वस्ती असते.

कासवाच्या पिल्लांवर फ्लॅश मारायचा नाही, त्यांना हातात घ्यायचं नाही. ऑलिव्ह रिडले हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे.

माणसांचं बोलणं

नवखे लोक फोटोंत रमतात आणि आवाज विसरतात. फोटो पुढच्या वर्षीही काढता येतो. ऐंशी वर्षांच्या आजींनी सांगितलेली सड्यावरच्या पाणथळींची नावं पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही. फोनवरचं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. फक्त पंखा बंद करा, फोन माणसाच्या जवळ ठेवा आणि सुरुवातीला तारीख, गाव, वाडी स्वतःच्या आवाजात बोला.

मुलाखतीचे प्रश्न छापून नेऊ नका. हातात वस्तू द्या किंवा फोटो दाखवा. "आजी, ह्येका तुमी काय म्हणतास?" एवढं मालवणीत विचारलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागत नाही. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, दालदी (मच्छीमार) मुसलमानांची कोकणी, जी बोली असेल ती तशीच उतरवा, दुरुस्त करून पुस्तकी करू नका. खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या म्हणजे झालं.

रापणीसारखा विषय तर बोलण्याशिवाय मांडताच येत नाही. होडीतून जाळं अर्धगोलात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन बाजूंनी माणसांनी ओढत आणायचं, हे चित्रात दिसतं. पण हाकारा कोण देतं, मासळीचे वाटे कसे पडतात, होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती, ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घराला वाटा मिळतो का, हे फक्त ओढणारा सांगू शकतो. गावागावात उत्तरं वेगळी येतात आणि तीच तुमच्या प्रदर्शनाची खरी कमाई आहे.

नोंदवही

त्याच संध्याकाळी बसून नोंद करा, उद्यावर ढकलू नका. प्रत्येक चित्राला आणि प्रत्येक आवाजाला एक क्रमांक. त्यापुढे: काय आहे, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव कळलं असल्यास, जागा, तारीख, वेळ, कुणी काढलं, कुणी सांगितलं, परवानगी कसली. साधी एक्सेल शीट चालते. वनस्पती-प्राण्यांची ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका. तिथे जाणकार मंडळी नाव सुचवतात. अॅपने आपोआप सुचवलेलं नाव मात्र खात्री झाल्याशिवाय वापरू नका, विशेषतः गेंद आणि गवतांच्या बाबतीत.

खालचा मजकूर

प्रदर्शन तरतं किंवा बुडतं ते चित्राखालच्या ओळींवर. नमुना बघा. दवबिंदू या सड्यावरच्या रोपाच्या फोटोखाली बहुतेक वेळा असं असतं:

"कोकणच्या सड्यावरील निसर्गाचा अद्भुत आविष्कार! ही मनमोहक वनस्पती पर्यटकांना भुरळ घालते."

यात एकही माहिती नाही. हे फुलपाखराखालीही लावता येईल. आता हे:

"दवबिंदू. सड्यावरच्या ओल्या खाचेत, सप्टेंबरचा पहिला आठवडा. रोप बोटाएवढ्या उंचीचं. पानांवर चकाकतात ते थेंब दवाचे नाहीत. तो चिकट द्रव आहे. त्यावर बसलेलं चिलट अडकतं आणि झाड त्यातून नत्र मिळवतं. पाऊस ओसरून खाच वाळली की इथे फक्त कोरडा कातळ उरतो."

चाळीसेक शब्द, पण पाहणारा पुन्हा वर जाऊन फोटो बघतो. मजकुराची कसोटी हीच: वाचून नजर चित्राकडे परत गेली पाहिजे. विशेषणं काढा, माप घाला, महिना घाला, दिसत नाही ते सांगा. मोठ्याने वाचून पाहा, आणि गावातल्या सातवी-आठवीच्या मुलाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य तोडा.

ऐकीव आणि नोंदलेलं वेगळं ठेवा

विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि तिथून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने हेलियमचा शोध लावला असं सांगतात. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं हे खरं. पण या शोधात ज्याचं नाव घेतलं जातं तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ते पाहायला गुंटूरला होता, आणि लॉकियरने आपलं निरीक्षण त्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून केलं. तो ग्रहणासाठी भारतात आला तो 1871 च्या डिसेंबरात, केरळातल्या बेकलला. मग ओटे वगळायचे का? मुळीच नाही. ओट्यांचा फोटो लावा, "गावात असं सांगतात" म्हणून कथा द्या, आणि पुढच्या ओळीत तारखा द्या. गावाची आठवण आणि लेखी नोंद दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या की वाचणारा दोघांचाही मान राखतो.

लेखी नोंदींसाठी इंग्रज अमदानीतली जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) मोठा आधार आहेत: रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा, ठाण्याचा 1882 चा, कुलाबा-जंजिऱ्याचा 1883 चा. इंटरनेटवर मोफत मिळतात. बंदरातली गलबतं, मिठागरं, माशांचे प्रकार, जत्रा यांची बारीक माहिती त्यांत आहे. मात्र जातींबद्दल आणि माणसांच्या स्वभावाबद्दल साहेबाने जे लिहिलं ते उचलून आपल्या प्रदर्शनात टाकू नका.

काय दाखवायचं नाही

कासवाच्या घरट्याची जागा, दुर्मीळ आमरीचं (ऑर्किडचं) झाड, घुबडाची ढोली, अजून संरक्षण न मिळालेलं कातळशिल्प, यांचं अचूक ठिकाण प्रसिद्ध करायचं नाही. तालुका सांगा, फार तर गाव सांगा. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती लपलेली असते. वेबसाइटवर चढवण्याआधी ती काढून टाका. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीसारखी जागा इतकी लहान आणि नाजूक असते की पाच-पन्नास लोकांच्या पायांनीही तिचं नुकसान होतं. प्रदर्शन पाहून लोक तिथे धावले, तर आपण मदत केली की घात, हा विचार आधीच करावा.

कुठे मांडायचं

पर्याय बरेच आहेत. अगदी सोपं हवं तर मोफत ब्लॉग किंवा गुगल साइट्स. एका दुपारी पान उभं राहतं. वाचनालयाला किंवा शाळेला कायमचा संग्रह करायचा असेल तर ओमेका ही खास संग्रहालयांसाठी बनवलेली मोफत प्रणाली चांगली आहे, नोंदवहीतले रकाने तिच्यात जसेच्या तसे बसतात, पण ती बसवायला थोडा जाणकार माणूस लागतो. विकिमीडिया कॉमन्सवर टाकलेला फोटो जगभर वापरला जातो आणि मराठी विकिपीडियाच्या लेखांतही लावता येतो. तिथे एक अट आहे: तो कुणालाही, व्यापारासाठीसुद्धा, वापरू देण्याचा परवाना द्यावा लागतो. सड्याचा, फुलाचा, किल्ल्याचा फोटो तिथे खुशाल द्या. ग्रामदेवतेच्या रुप्याच्या मुखवट्याचा किंवा आजींच्या चेहऱ्याचा देऊ नका; तो उद्या कुठल्या पिशवीवर छापला जाईल सांगता येत नाही. दुसऱ्याने काढलेला जुना फोटो घेताना हक्काचं बघा. आपल्या 1957 च्या कायद्यात 2012 साली झालेल्या बदलानंतर फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या फोनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) टाइप करा. गावच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर छापखान्याच्या फॉन्टमध्ये असेल तर तो वेबसाइटवर अगम्य खुणा होऊन उतरतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मोठे फोटो लहान करा, प्रत्येकी दोन-तीनशे केबीपर्यंत. तुमचे निम्मे प्रेक्षक घाटीच्या वळणावर एक काडी रेंज असलेल्या फोनवर हे बघणार आहेत.

मूळ फाइली तीन ठिकाणी ठेवा आणि त्यांतलं एक ठिकाण कोकणाबाहेरचं असू द्या. 3 जून 2020 ला निसर्ग नावाच्या चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आणि घरांची छपरं एका दिवसात उडवली. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेलाही पाण्याने गाठलं. घरोघरच्या पेट्यांमधले फोटो किती गेले असतील याची नोंदच नाही. म्हणून आधी जुन्या वस्तूंचं स्कॅनिंग करा, फुलांचे फोटो मागाहून. फुलं पुढच्या पावसात येतात.

उद्घाटन

पहिली खेप गावातच दाखवा. शिमग्याला किंवा गणपतीत चाकरमानी आलेले असतात, देवळाच्या सभामंडपात एक प्रोजेक्टर आणि पांढरी चादर पुरते. एकेक चित्र दाखवा आणि थांबा. कुणीतरी म्हणेल, ही कोंड नव्हे, ती वरच्या अंगाला. कुणी म्हणेल, फोटोतला तिसरा माणूस माझा आजा. शेजारी एकाला वही घेऊन बसवा आणि सगळं टिपून घ्या. त्या रात्रीच्या दुरुस्त्या करून मगच दुवा सगळीकडे पाठवा. पुढे वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, सगळे दुवे उघडतात का, आवाजाच्या फाइली वाजतात का हे तपासायचं काम गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीवर किंवा मुलावर सोपवा, आणि पासवर्ड तुमच्याखेरीज आणखी दोघांकडे असू द्या.